औशाजवळ सहा एकरांत कृषी पर्यटन करायचंय, म्हाताऱ्या माणसांना आणि व्हीलचेअरवाल्यांनाही येता येईल असं

तेरणाकाठ (औसा, जि. लातूर)

नमस्कार मंडळी. औशाच्या थोडं पुढं आमची सहा एकर जमीन आहे. चार एकर सोयाबीन-तूर, एका एकरात रब्बी ज्वारी आणि करडई, बाकी विहिरीभोवती केशर आंब्याची जुनी झाडं आणि जनावरांचा गोठा. एक विहीर, एक बोअर, एक शेततळं. दोन देवणी गाई आणि बैलजोडी अजून टिकवून आहोत. सोयाबीनच्या भावावर घर कसं चालतं हे इथं कुणाला सांगायची गरज नाही.

मी आणि धाकटा भाऊ मिळून कृषी पर्यटन सुरू करायचं म्हणतोय. भावाला लहानपणी पोलिओ झाला, तो व्हीलचेअर वापरतो. बुकिंग, फोन, हिशेब सगळं तो बघणार. त्याची अट एकच आहे: ज्या शेतात मालकालाच फिरता येत नाही तिथं पाहुणे बोलवायचे नाहीत. त्यामुळं वाट, संडास, जेवायची जागा हे सगळं पहिल्यापासूनच सगळ्यांना वापरता येईल असं करायचंय.

हाताशी चारेक लाख आहेत. चार खोल्या बांधून मुक्कामाची सोय आधी करावी असं घरच्यांचं मत आहे. धंदा चालेल का, सुरुवात कुठून करावी, परवानग्या काय लागतात? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा.


गोदाकाठ (पैठण रोड, छत्रपती संभाजीनगर)

दादा, खोल्या राहू द्या. आधी दोन चांगले संडास, एक वाट आणि सावली करा. मी पैठण रोडला हुरड्यापासून सुरुवात केली आणि अजूनही माझ्याकडं मुक्कामाला एकच खोली आहे. खोली बांधली की ती भरायची काळजी बाराही महिने. दिवसाच्या सहलीला तसं नाही, पाहुणा नसेल त्या दिवशी तुम्ही आपले शेतकरीच असता.

चार लाखांत चार खोल्या झाल्या तरी पैसा तिथंच संपेल. मग पाहुणा आल्यावर बसायला सतरंजी आणि हात धुवायला ड्रम.

हिशेब असा मांडून बघा. हे आकडे समजायला घेतलेत, तुमच्या भागातले भाव घालून पुन्हा मांडा. माणशी ५०० रुपये धरा. रविवारी ४० माणसं आली तर २०,००० जमा. शिधा, गूळ, दही, गोवऱ्या, पिण्याचं पाणी मिळून माणशी १८० धरले तर ७,२०० गेले. भाकरीला चार बाया, आगटीवर, म्हणजे हुरडा भाजायच्या शेकोटीवर, दोन माणसं, सफाईला आणि वाहनांवर लक्ष ठेवायला दोघं, यांची मजुरी ३,८००. हातात राहिले ९,०००. आता त्याच दिवशी २० च माणसं आली असं धरा. जमा १०,०००, शिधा ३,६००, पण मजुरी निम्मी होत नाही, कारण आगटी पेटवायचीच असते आणि चूल लावायचीच असते. ती ३,००० च्या खाली येत नाही. हातात राहतात ३,४००. म्हणजे माणसं निम्मी, पण शिल्लक निम्म्याहून खूपच खाली. म्हणून आगाऊ बुकिंग घ्या, निम्मे पैसे आधी घ्या आणि किती माणसांखाली त्या दिवशी चूल पेटणार नाही तो आकडा स्वतःशी ठरवून ठेवा.

आता तुमच्या भावाच्या अटीबद्दल. धंद्याच्या बाजूनं बघितलं तरी ती अट सोन्यासारखी आहे. आमच्याकडं फोन येतो तेव्हा भाव विचारायच्या आधी बायका विचारतात, "सासूबाईंचे गुडघे दुखतात, खाली बसावं लागेल का? संडास कमोडचा आहे का?" त्यांना हो म्हणालो की बुकिंग आठ-दहा जणांचं होतं. नाही म्हणालो की एकट्या सासूबाई गळत नाहीत, सगळं घरच दुसरीकडं जातं. घरातल्या सगळ्यात कमी चालणाऱ्या माणसावर सहल ठरते.


बालाघाटी (पाटोदा, जि. बीड)

गोदाकाठ, तुमचं बरोबर आहे, पण तुमच्या दाराशी संभाजीनगर आहे, वेरूळ-अजिंठ्याचा पाहुणा आहे, कंपन्यांच्या वसाहती आहेत. औशाला कोण येणार? आमच्याकडं नायगावचं मोर अभयारण्य आहे, सीताफळाला 'बीडचं सीताफळ' म्हणून भौगोलिक मानांकन आहे, तरी लोक वाट वाकडी करून येत नाहीत. आणि पाण्याचं काय? लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाहुण्याला आंघोळीला बादली देताना शेजाऱ्याच्या घरी हंडा नसेल तर गावात तोंड कसं दाखवायचं?

नाउमेद करायला लिहीत नाही. आमच्या भागात दोघांनी झोपड्या-बिपड्या उभ्या केल्या आणि आता त्यात कडबा ठेवतात. दोघांनीही आधी बांधलं आणि मग गिऱ्हाईक शोधलं.


तेरणाकाठ

पाण्याचा मुद्दा मान्य. म्हणूनच मुक्कामाबद्दल माझंही मन धजत नाही. लातूर शहर आमच्यापासून गाडीवर अर्ध्या-पाऊण तासावर आहे. शिकवणीसाठी बाहेरगावहून आलेली हजारो पोरं तिथं राहतात, त्यांचे आईबाप रविवारी भेटायला येतात आणि हॉटेलात जेवून परत जातात. माझ्या डोळ्यासमोर हे गिऱ्हाईक आहे.


गोदाकाठ

हे तर उत्तम आहे! पोरासोबत चार तास निवांत बसायला जागा, घरच्यासारखं जेवण आणि परत जाताना पोराच्या खोलीवर न्यायला शेंगदाण्याची चटणी. बालाघाटी, गिऱ्हाईक आधी दिसलं की नाही? अशा जेवणाला हुरड्याचा हंगामही लागत नाही.


चाकावरून (नांदेड)

मी व्हीलचेअर वापरतो आणि फिरायची हौस दांडगी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. 'आमच्याकडं व्हीलचेअर येते' असं सांगणाऱ्या बऱ्याच ठिकाणी खरं म्हणजे चार माणसं मला खुर्चीसकट उचलतात. सगळे प्रेमानंच करतात, पण मला ते नको असतं. तुमच्या भावालाही नको असणार.

वाटेपासून सुरू करा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नुसती फरशी टाकली तर दोन वर्षांत वर-खाली होते. आधी माती काढा, मुरूम भरून पाणी मारून दाबून घ्या, मग फरशी. शहाबादी फरशी आपल्याकडं सहज मिळते. तिची खरबरीत बाजू वर ठेवा आणि सांधे भरून घ्या. बोटभर फट राहिली तरी पुढचं लहान चाक अडकतं आणि माणूस तोंडावर जातो. नुसता मुरूम टाकून वाट करू नका. चप्पल घालून चालणाऱ्याला ती छान वाटते, चाक मात्र रुततं. रुंदी चार फूट, आणि वळणावर किंवा बाकड्यापाशी पाच फूट, म्हणजे खुर्ची फिरवता येते.

उताराचं प्रमाण १:१२. एक फूट चढायचं असेल तर उतार बारा फूट लांब हवा. गवंडी हमखास म्हणतो, "एवढा लांब कशाला, चार फुटांत बसवतो." बसवतो, पण तो उतार पोत्याच्या हातगाडीचा होतो, माणसाचा नाही. जोतं दीड फूट घेतलंत तर उतार अठरा फूट लागणार हे नकाशातच धरा. दोन्ही बाजूंना कठडा हवा. तो म्हाताऱ्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त लागतो.

संडासाचं दार तीन फुटी, म्हणजे ९०० मिलिमीटर, आणि ते बाहेर उघडणारं. आत पाच बाय पाच फूट जागा मोकळी. पुष्कळ ठिकाणी ह्याच जागेत बादल्या, खराटा आणि फिनेलचे डबे ठेवलेले असतात. कमोडच्या शेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेल टांगायची नळी दांडा म्हणून लावू नका, कारण त्यावर माणसाचं पूर्ण वजन येतं. कडी खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशी.

सगळ्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे बैलगाडी. प्रत्येक ठिकाणी बैलगाडीची फेरी असते आणि प्रत्येक ठिकाणी म्हातारी माणसं खाली उभी राहून नातवंडांचे फोटो काढतात, कारण चढता येत नाही. तुमच्या वाटेचा एक उतार गाडीच्या साटीच्या, म्हणजे बसायच्या फळ्यांच्या, उंचीच्या ओट्यापर्यंत न्या. गाडी ओट्याला लावली, बैलाला धरलं, मधल्या फटीवर जाड फळी टाकली की आजी चालत गाडीत जाते. मी स्वतः असा एकाच ठिकाणी गाडीत बसलोय. ओटा दगडमातीचा होता, मोठा खर्च नव्हता. पण तिथल्या दादांनी जूला घुंगरं बांधली होती आणि गाडी सावकाश हाकली, आणि मला कापसाच्या झाडाकडं पहिल्यांदा वरून बघता आलं.

अपंगत्व म्हणजे फक्त चाकाची खुर्ची नाही, हेही ध्यानात असू द्या. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. न दिसणारा पाहुणा आला तर त्याला ज्वारीचं कणीस, तुरीची शेंग, करडईचं काटेरी बोंड, ओल्या हळदीचा गड्डा हातात द्या. गोठ्यात गाईच्या पाठीवर हात ठेवू द्या. ऐकू न येणाऱ्यासाठी भाव, वेळा, जेवणात काय काय आहे हे मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहा.


गोदाकाठ

चाकावरून यांनी लिहिलेलं छापून भिंतीवर लावावं असं आहे. बैलगाडीचा ओटा मी या हंगामात करतोच. एक भर घालतो: पंगत जमिनीवर असली तरी शेजारी टेबल-खुर्च्याही मांडा, आणि दोन्हीकडं एकच वाढप. टेबलवाल्यांना 'वेगळं' बसवू नका, घर तुटतं.


हिशोबनीस (जालना)

परवानग्या आणि कर याबद्दल थोडक्यात लिहितो.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं होते. सातबारा, आठ अ आणि ओळखीची कागदपत्रं तयार ठेवा. जेवण देणार म्हणजे अन्न सुरक्षेची, एफएसएसएआयची नोंदणी हवीच. पक्कं बांधकाम करण्याआधी ग्रामपंचायत आणि तहसील, दोन्हीकडं लेखी विचारणा करा. पुढं मुक्काम सुरू केलात आणि परदेशी पाहुणा राहिला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यावी लागते.

कराच्या बाबतीत बहुतेकांचा गैरसमज असतो. जागा शेतात आहे म्हणून येणारा पैसा शेतीचं उत्पन्न ठरत नाही. तूर विकली तर शेतीउत्पन्न, त्यावर आयकर नाही. पाहुण्याकडून जेवणाचे आणि प्रवेशाचे घेतलेले पैसे व्यवसायाचे. दोन्हींच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा, बँक खातीही वेगळी. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही.

कर्ज काढायचं असेल तर तुमच्या भावाच्या नावानं विचार करा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के आणि दिव्यांग, महिला आदी विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान आहे. सेवा उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा २० लाख. घरातली बाई मालक म्हणून पुढं येणार असेल तर राज्याचं २०२३ चं 'आई' धोरण बघा, १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. पण अनुदान येणार म्हणून अंगापेक्षा मोठं काही उभारू नका. अनुदान आपल्या वेळेनं येतं, हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात सुरू होतो.


माहेरवाशीण (पुणे, माहेर उदगीर)

मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. तुम्ही औशाचे असून येळवशीचं, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळा अमावस्येचं, नाव कुणीच काढलं नाही याचं नवल वाटलं!

पुण्यात लातूर-धाराशिवकडची किती तरी घरं आहेत. शेतं विकली गेली, भावाभावांत वाटली गेली, पण वेळा अमावस्या आली की जीव तुटतो. कडब्याची कोप म्हणजे झोपडी, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आंबिलाचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. माझ्या मुलांनी भज्जी म्हणजे कांदाभजी असं समजून घेतलं होतं. हरभरा, तूर, वाटाण्याचे ओले दाणे आणि हाताला लागेल ती भाजी एकत्र शिजते हे त्यांना सांगून कळत नाही, शेतात बसून खाल्ल्याशिवाय कळत नाही. माझ्या आईला वॉकर लागतो. तिला घेऊन जाता येईल असं शेत असेल तर मी सांगाल ते पैसे देईन, आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत.


तेरणाकाठ

ताई, खरंच डोक्यात आलं नव्हतं, कारण येळवस म्हणजे आमच्या घरचाच सण. अडचण एवढीच की त्या दिवशी जिल्ह्यात जो तो आपल्या शेतात. भाकरीला बाई मिळणार नाही, हाताशी माणूस मिळणार नाही आणि मिळाला तरी त्याला त्याच्या शेतातून ओढून आणणं बरं नव्हे.


गोदाकाठ

अमावस्येला स्वतःच्या घरची पूजा करा. पाहुण्यांना पुढच्या शनिवार-रविवारी बोलवा, कोप तशीच उभी ठेवा. आणि ते येळवशीनंतरचं जेवण आहे, हे फोनवरच स्पष्ट सांगा. अमावस्या साधारण डिसेंबर-जानेवारीत येते, त्याच सुमाराला तुमचा हुरडाही असेल.

हुरड्यासाठी एक सल्ला. सगळी ज्वारी एकदम पेरू नका. कणीस दुधाळ-चिकात असण्याचे दिवस थोडे, आठ-दहा दिवसांत दाणा कडक होतो. पाण्याची सोय असेल तर सप्टेंबरच्या मध्यापासून दहा-दहा दिवसांच्या अंतरानं चार-पाच गुंठ्यांचे तुकडे पेरत जा. वाण गूळभेंडी किंवा सुरती घ्या, दाणा कणसातून सहज सुटतो. पाखरांना तोही तितकाच आवडतो, म्हणून राखणीची मजुरी हिशेबात धरा.


चाकावरून

कोपीबद्दल: तिचं तोंड बुटकं असतं, वाकून जावं लागतं. पूजेची कोप तशीच ठेवा, परंपरेला हात लावू नका. पाहुण्यांना बसायला शेजारी दुसरी उंच, दोन बाजूंनी उघडी करा. कडबा तोच, बांधणी तीच.


गोदाकाठ

एक राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तेरणाकाठ, तुम्ही शेततळं आहे म्हणालात. त्याला कुंपण आहे का?


तेरणाकाठ

नाही. चारी बाजूंनी मोकळं आहे. प्लास्टिकचा कागद आहे.


गोदाकाठ

मग पहिला खर्च तोच. संडासाच्याही आधी. शेततळ्याचा कागद ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि उतार काचेसारखा गुळगुळीत होतो. पोहता येणारा धडधाकट माणूसही बाहेर येऊ शकत नाही, हात टेकायला काही नसतंच. आपल्या मराठवाड्यात दरवर्षी शेततळ्यात लेकरं गेल्याच्या बातम्या वाचतो, आणि एकाला काढायला गेलेला दुसराही जातो. शहरातल्या पोरांना ते पोहायचा तलाव वाटतो.

चारी बाजूंनी माणसाच्या छातीइतकं जाळीचं कुंपण, कुलूप लावायचं फाटक, आत चारही कडांना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले, आणि फाटकाजवळ ट्रकच्या हवा भरलेल्या दोन ट्यूब. विहिरीला कठडा आणि वर जाळी. पाहुणे असतील त्या दिवशी एक माणूस फक्त पाण्याकडं लक्ष ठेवायला. त्याची मजुरी द्यायला परवडत नसेल तर त्या दिवशी पाहुणे घेऊ नका.

सापाचंही सांगून ठेवतो. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापलेलं, संध्याकाळी वाटेवर दिवा, आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन असलेला जवळचा सरकारी दवाखाना कोणता हे आधी जाऊन विचारून आलेलं. १०८ ची गाडी तुमच्या शेतापर्यंत येते का, की पाणंदीत रुतते, हे पावसाळ्यात एकदा बघा. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली तेव्हा आमचा रस्ता बंद पडला आणि मी सगळी बुकिंग परत केली. पाहुण्याला इजा झाली तर भरपाईसाठीचा, 'पब्लिक लायबिलिटी' म्हणतात तो विमाही काढा.


बालाघाटी

हे वाचून माझं मत थोडं बदललं. माझा आक्षेप बांधकामाला होता, जेवणाला आणि येळवशीला नाही. पाण्यावर एकच सांगतो, मार्चनंतर बंद ठेवायची तयारी ठेवा. केशर पिकेल तेव्हा आंबे घ्यायला लोक येतील, सावलीत बसतील, तेवढंच. विहिरीची पातळी दर आठवड्याला दोर टाकून मोजा आणि ठरलेल्या खुणेच्या खाली गेली की बुकिंग थांबवा. गाव तुमच्याकडं बघत असतं. भाकरीचं काम गावातल्या बचत गटाला द्या, भाज्या शेजाऱ्याच्या घ्या. मग रस्त्याचा प्रश्न आला तर कुणी आडवं येत नाही.


हिशोबनीस

मालविक्रीबद्दल एक सूचना. लातूर भागातल्या बोरसुरी तूरडाळीला आणि काष्टी कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तुमची तूर त्या भागातली नसेल आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसेल तर पाकिटावर ते नाव टाकू नका. 'आमच्या शेतातली तूर, घरच्या जात्यावर भरडलेली' एवढं लिहा. पाहुण्यानं ते झाड समोर बघितलेलं असतं, त्याला दुसरं नाव लागत नाही. करडईचं घाण्याचं तेल, ज्वारी, येसर मसाला, चटणी ठेवा.


तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं, तो चाकावरून यांच्याशी बोलायला उतावीळ झालाय. ठरलं ते असं: खोल्या रद्द. पैसे आधी शेततळ्याचं कुंपण आणि विहिरीचा कठडा, मग दोन संडास, मग रस्त्यापासून आंब्यापर्यंतची वाट आणि गाडीचा ओटा. एक लाख हाताशी राखून ठेवतोय. पहिला हंगाम फक्त शनिवार-रविवार, एका दिवशी जास्तीत जास्त ४० माणसं. ज्वारी पाच तुकड्यांत. येळवशीनंतरचा रविवार ताईंसाठी आणि त्यांच्या मैत्रिणींसाठी.

एकच शंका. रस्त्यापासून आंब्यापर्यंत जमीन डोळ्यांना सपाटच दिसते. उतार १:१२ च्या आत आहे हे मोजायचं कसं?


चाकावरून

पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात ती गवंड्याकडं असतेच. दर बारा फुटांवर खुंटी ठोका आणि दोन खुंट्यांमधला फरक मोजा. एक फुटाच्या आत असेल तर नियमात बसतं, पण लांब वाटेवर तेवढा चढही दमवतो, तिथं सहा इंचांच्या आत ठेवा. आणि फरशी पक्की करण्याआधी ती नुसती मांडून मला कळवा. मी नांदेडहून येतो. तुमचा भाऊ आणि मी दोघं आपापल्या खुर्चीवरून कुणाचा हात न घेता रस्त्यापासून संडासापर्यंत आणि तिथून ओट्यावर जाऊन बघू. जिथं अडेल तिथं खडूनं खूण करू, मग गवंड्याला सिमेंट कालवायला सांगा.


माहेरवाशीण

रविवार पक्का झाला की तारीख इथंच टाका. आम्ही दोन गाड्या आहोत, त्यात एक वॉकर आणि गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या दोन मावश्या. निम्मे पैसे आधी पाठवते.